प्रलयाची रंगीत तालीम

लोक हवापालटाला जातात, देवाला जातात, अगदीच काही नाही तर सासुरवाडीला जातात. मी गेल्या मार्गशीर्षात सहा दिवस जग बुडाल्यानंतर कसं राहायचं ते बघायला गेलो. घरापासून दीड तास लागला. वाटेत चहाला थांबलो नसतो तर सव्वा तासातही पोहोचलो असतो.

ठिकाणाचं नाव सांगत नाही, दाजींची तशी शपथ आहे. त्र्यंबकवरून हरसूलकडे जाताना डोंगरात लहानमोठी धरणं लागतात, त्यांतलं एक, एवढं पुरे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. अंबडला त्यांचं तीस वर्षं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप होतं. हात असा, की त्यांनी बसवलेलं गेट घर पडलं तरी उभं राहील. वर्कशॉप बंद केल्यापासून मात्र ते मोबाइलवर व्हिडिओ बघू लागले. बँका बुडणार, वीज जाणार, दुकानं रिकामी होणार, मग माणसं माणसांच्या घरात घुसणार. जगाच्या अंताची बातमी त्यांना रोज सकाळी चहाबरोबर मिळायची आणि त्यांचा चेहरा हळूहळू समाधानी होत जायचा. 

त्यावर त्यांनी काढलेला उपाय म्हणजे बोट. "जमिनीवरच्या माणसाला कोणीही गाठतं, विलास. पाण्यावरच्याला गाठायला आधी पोहता यायला लागतं. आपल्या नाशकात किती जणांना येतं?" दाजींना स्वतःला येत नाही. पण तो मुद्दा त्यांनी दोन लाइफ जॅकेट आणून निकालात काढला.

वीस निळी पिंपं, त्यांच्यावर लोखंडी अँगलची चौकट, चौकटीवर फळ्या, फळ्यांवर पत्र्याची खोली, खोलीवर सोलरची दोन पॅनेलं आणि पुढच्या टोकाला लिंबू-मिरची. नाव 'तारिणी'. सगळी सरकारं कोसळतील त्या दिवसासाठी ही बोट होती, म्हणून दाजींनी ती पाण्यात उतरवायला तीन प्रतींत अर्ज करून, फोटो चिकटवून रीतसर परवानगी काढली होती. 

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण तारिणी नुसती तालमीची होती. खरी मोठी बोट बांधायची, गंगापूर रोडवरचा फ्लॅट विकायचा आणि दोघांनी कायमचं पाण्यावर राहायला जायचं, असं दाजींचं ठरलं होतं. फ्लॅट ताईच्या नावावर आहे. अठरा वर्षं ती तिथं राहते. खालच्या मजल्यावर तिची मैत्रीण, समोर भाजीवाली, महिन्याला भिशी. गिऱ्हाईक तयार होतं, रविवारी येणार होतं. ताई सही करीना आणि नाहीही म्हणेना. शेवटी एका संध्याकाळी तिनं चेंडू माझ्याकडे टोलवला.

"विलास तुमच्याबरोबर राहून येईल," ती दाजींना म्हणाली. "तो म्हणाला राहण्यासारखं आहे, तर मी डोळे मिटून सही करते."

मी कारखान्यात क्वालिटीला आहे. दोष काढायचा पगार घेतो. पण वडील गेल्यावर अकरावीपासून मी दाजींच्या घरात वाढलो, त्यांच्या ताटाशेजारी जेवलो, आणि आजवर त्यांच्या एकाही गोष्टीला नाही म्हटलेलं नाही. ताईला हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. तरी तिनं मलाच का नेमावं, याचा विचार करत मी रजेचा अर्ज टाकला.

सोमवार : स्थलांतर

तारिणी आधीच पाण्यात होती. धरणाचं पाणी जिथं दोन टेकड्यांच्या मधे चिंचोळं होऊन आत घुसतं, तिथं दाजींनी नांगर टाकला होता. जागा त्यांनी स्वतः निवडली होती. रस्त्यावरून दिसत नाही, वारा लागत नाही, आणि काठ तीस-चाळीस फुटांवर. काठावर जायला-यायला ट्रकची ट्यूब. दाजी लाइफ जॅकेट घालून ट्यूबमध्ये बसले की टोपलीत बसवलेल्या भोपळ्यासारखे दिसत. हे मी त्यांना सांगितलं नाही.

जागा मात्र सुरेख होती. खोटं कशाला बोलू? भातकापणी झालेली, डोंगर उतरणीला पिवळे पडलेले, पाण्यावर बगळे. शहरात आपण सकाळी नळ सोडतो तेव्हा हे डोंगर कोणाच्या मनात येत नाहीत. मला तर इतकं बरं वाटलं, की अर्ध्या तासातच मनात आलं, राहता येईल की इथं. मग शौचालय पाहिलं. एक पिंप, त्यावर सीट, शेजारी भुशाचं पोतं. दाजींनी त्यावर मला वीस मिनिटं व्याख्यान दिलं. भुसा किती ओंजळी टाकायचा हे ऐकताना मला ताईचा चेहरा दिसत होता.

दुपारी एक माणूस थर्माकोलच्या तराफ्यावर बसून, फळीच्या तुकड्यानं पाणी मारत आला. पन्नाशीचा, काटक, डोक्याला मफलर. त्यानं नाव सांगितलं सोमा. पलीकडच्या पाड्यावरचा. त्यानं बोटीला एक फेरी घातली, पिंपांवर थापट्या मारल्या.

"लय भारी केलीय," तो म्हणाला. "पर इथंच ठिवणार का?"

"का?" दाजींनी विचारलं.

"नाय, आतमंदी ठिवा. तिकडं, खोल पान्यात. इथं नका ठिवू."

"आम्हाला इथंच बरं आहे."

सोमानं दाजींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बरं," म्हणाला आणि निघून गेला.

तो टेकडीआड गेल्यावर दाजी हळू आवाजात म्हणाले, "पाहिलंस? जागा हेरून गेला. आपल्याला उघड्यावर काढायला बघत होता. हीच ती वृत्ती, विलास. अजून जग बुडालेलंही नाही आणि हे सुरू झाले." त्यांनी खोलीच्या दाराला आतून दुसरी कडी घातली. दार उघडंच ठेवलं तर कोण येणार होतं, हा प्रश्न मी गिळला.

मंगळवार : दिनक्रम

भिंतीवर वेळापत्रक होतं. सहाला उठणं, सव्वासहाला पाणी गाळणं, सातला टेहळणी. टेहळणी म्हणजे दुर्बिणीतून चारी दिशांना बघायचं आणि वहीत लिहायचं. मी लिहिलं : 'उत्तरेस दोन म्हशी. पूर्वेस एक बाई, डोक्यावर मोळी. इतर दिशांना शांतता.' दाजींनी गंभीरपणे सही केली.

तालीम खरी व्हावी म्हणून मोबाइल बंद करून डब्यात ठेवले होते. साठ्यात तांदूळ, डाळी, गूळ, शेंगदाणे, तेल आणि का कोण जाणे, अननसाचे सहा डबे. पण दाजींच्या योजनेचा पाया होता मासे. पाण्यावर राहणाऱ्याला मासे फुकट, बाकी सगळं संपलं तरी मासे संपत नाहीत, हे त्यांनी मला तीन वेगवेगळ्या दिवशी पटवून दिलं होतं. म्हणून मी गळाला पीठ लावून बसलो. तासाभरात माझ्या नशिबानं एक चांगला हातभर मासा लागला.

मी विजयानं वळलो तर दाजी खाली मान घालून उभे.

"मार्गशीर्ष आहे रे," ते म्हणाले.

"मग?"

"तुझ्या ताईचे गुरुवार चालू आहेत. महिनाभर घरात चालत नाही."

"पण आपण घरात नाही आहोत, दाजी. जग बुडालेलं आहे."

"बुडालं म्हणून काय झालं? तिला कळलं तर?"

मासा आम्ही परत सोडला. श्रावण, मार्गशीर्ष, सोमवार, गुरुवार, चतुर्थ्या आणि एकादश्या वजा केल्या, तर दाजींच्या प्रलयात मासे खायचे दिवस फार थोडे उरत होते. दुपारी आम्ही खिचडी आणि अननस खाल्लं. अननसाचा पाक खिचडीत सांडला तो भाग मला आठवायचा नाही.

बुधवार : काठ

सकाळी ट्यूबमधून काठाला गेलो तेव्हा वाटलं, आज लवकर पोहोचलो. परत येताना वाटलं, पाण्याचा हिरवट पट्टा काल दगडाच्या वर होता, आज दगड पूर्ण उघडा कसा? दाजींना सांगितलं.

"बोट सरकली असेल काठाकडे," ते म्हणाले आणि त्यांनी नांगराचा दोर आवळला. दोर आवळताना नांगर कशात तरी घट्ट अडकल्याचं लक्षात आलं. दाजींना फार आनंद झाला. "बघ, काय पकड आहे! वादळ आलं तरी हलणार नाही."

दुपारी चहाचा कप ओट्यावरून आपोआप माझ्याकडे सरकत आला. मी तो परत ठेवला. तो परत आला. संध्याकाळी, झोपताना डोकं कुठल्या बाजूला करायचं यावर आमची चर्चा झाली, कारण एका बाजूला केलं तर रक्त डोक्यात उतरत होतं. दाजींनी वहीत लिहिलं : 'किंचित कल. कारण शोधणे.'

गुरुवार : कारण

कारण सकाळी चालत आलं. होय, चालत. मी दार उघडलं तर सोमा समोर उभा, गुडघ्याएवढ्या चिखलात, आणि त्याच्या मागे जिथं काल पाणी होतं तिथं काळाभोर, चकचकीत गाळ पसरलेला. आमची बोट त्या गाळात एका अंगावर रेलून बसली होती. पाणी दूर, खाली, दोन शेतांच्या अंतरावर गेलं होतं.

"पानी सुटलं ना खाली," सोमा म्हणाला. "आवर्तन. दरसाली सुटतं ह्या टायमाला."

दाजी दारातच खाली बसले. अणुयुद्ध, भूकंप, साथीचे रोग, दंगली, सगळ्यांची तयारी त्यांच्याकडे होती. धरणातून कालव्याला पाणी कधी सोडतात, हे त्यांनी विचारलं नव्हतं. विचारायला माणसाशी बोलावं लागलं असतं आणि माणसांना तर काही कळू द्यायचं नव्हतं. 

"तुम्ही सांगितलं का नाही?" दाजी शेवटी म्हणाले.

"सांगितलं ना. म्हनलं, आतमंदी ठिवा." सोमा जरा संकोचला. "शेठ, आनि एक हाय. तुमची बोट माझ्या वावरात हाय."

मला वाटलं तो चेष्टा करतोय. पण तो चेष्टा करत नव्हता. पाणी ओसरलं की धरणाच्या पोटातली जी जमीन उघडी पडते ती ज्यांच्या जमिनी धरणात गेल्या त्या कुटुंबांना वर्षाच्या बोलीवर पेरायला मिळते. हिला गाळपेर म्हणतात. ओल आहे तोवर हरभरा टाकायचा. गाळ सुकून भेगा पडल्या की संपलं. सोमाचा तुकडा नेमका हाच. तेवढंच नाही, आमचा नांगर ज्यात अडकला होता, ते दगड वर दिसू लागले होते. ते सोमाच्या वडलांच्या घराचं जोतं होतं.

"हिथं आमचं दार व्हतं," सोमानं हातानं दाखवलं. "तुमची खोली हाय ना, तिथं बैलं बांधायचो."

जग बुडाल्यावर राहायचं ठिकाण आम्ही एका आधीच बुडालेल्या घराच्या डोक्यावर थाटलं होतं. दाजी ते जोतं बघत राहिले. काही वेळानं त्यांनी विचारलं, "मग तुम्ही काय केलंत? सगळं बुडाल्यावर?"

सोमानं जरा विचार केला. "वर गेलो," म्हणाला.

त्याला घाई होती. चार-पाच दिवसांत पेरणी झाली नाही तर त्याच्या बायकोला, काशीला, दिंडोरीकडे द्राक्षांच्या कामावर जावं लागणार होतं, मुली घरी ठेवून. गाळपेर झाली तर यंदा जावं लागणार नव्हतं. बोट काढा, असं त्यानं एकदाही म्हटलं नाही. त्यानं म्हणावं आणि आम्ही भांडावं, असं मला आतून फार वाटत होतं. भांडण सोपं गेलं असतं.

टेकडीवर

क्रेन मागवायची म्हणून आम्ही फोनला रेंज मिळेपर्यंत टेकडी चढलो. दाजींनी डब्यातून मोबाइल काढून सुरू केला मात्र, तो वाजू लागला. त्यांचा धाकटा भाऊ. दाजींचं मूळ गाव निफाडच्या अंगाला, कालव्याच्या अगदी शेवटच्या टोकाला आहे. भाऊ तिथं कांदा करतो. दाजींनी फोन स्पीकरवर टाकला, कारण त्यांचे हात चिखलानं भरले होते.

"दादा! कुठं होता तुम्ही? दोन दिवस फोन बंद!" भाऊ ओरडत होता. "पाणी सुटलं! वरच्या धरणातून परवा सोडलंय, खालच्यात भर पडली, आता कालव्यात येतंय. कांदा वाचला आपला! तुमची सही होती म्हणून अर्ज लागला बघा. सातबाऱ्यावर तुमचं नाव, तुमच्या सहीबिगर घेत नव्हते."

दाजींनी हळूच फोन माझ्या हातात दिला आणि ते एका दगडावर बसले.

मागच्या महिन्यात भाऊ गावाहून आला होता. पाणी मागणीच्या अर्जावर त्यानं दाजींची सही घेतली होती. ताईनं त्याला पुरणपोळी केली होती, मीही जेवायला होतो. दाजींनी न वाचता सही केली, कारण भावानं पुढे केलेला कागद कोणी वाचतं का? स्वतःच्या बोटीखालचं पाणी दाजींनी स्वतःच अर्ज करून सोडायला लावलं होतं.

मला हसू आवरेना. मी पाठ वळवून हसलो, मग तोंड दाबून हसलो, मग वळून पाहिलं आणि थांबलो. दाजी रडत होते. आवाज नव्हता.

"नाना गेला त्या दिवशी," ते म्हणाले. नाना म्हणजे त्यांचा वर्कशॉपमधला भागीदार, बालपणापासूनचा मित्र. करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. "ऑक्सिजन मिळेना. मी फोनमधल्या सगळ्यांना लावले रे. वरपासून खालपर्यंत. एकेक नाव. कोणी उचलला नाही. ज्यांनी उचलला त्यांनी ठेवून दिला. तीस वर्षं ह्या गावाची गेटं बसवली मी. तेव्हाच ठरवलं, आता कोणावर अवलंबून राहायचं नाही. मी आणि तुझी ताई. बस."

त्या यादीत मीही होतो. त्या दुपारी माझ्या हातात फोन वाजला होता, दाजींचं नाव दिसलं होतं, आणि घरात दोन माणसं तापानं फणफणलेली, तेव्हा आणखी काही ऐकायची माझी छाती झाली नाही. मी फोन उपडा ठेवला. रात्री लावला तेव्हा नाना गेलेले होते. दाजींनी त्यानंतर कधी एका शब्दानं विचारलं नाही. टेकडीवरही माझ्याकडे बघून बोलले नाहीत. मला लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

आणि अशा माणसाला रविवारी मी नाही म्हणायचं होतं.

पाड्यावर

क्रेनवाला म्हणाला, गाळात क्रेन घातली तर दुसरी क्रेन लागेल. आम्ही परतलो तेव्हा काशीबाई जोत्यापाशी उभी होती. तिनं दाजींचं तोंड पाहिलं आणि विचारलं काहीच नाही. "जेवाया चला," म्हणाली.

नागलीची भाकरी, उडदाचं घट्ट वरण, खुरासणीची चटणी. आमच्याकडे बाजरीची भाकरी दोन्ही हातांनी मोडतात, नागलीची नुसती उचलली तरी तुकडा होतो. खुरासणीच्या चटणीचा वास पहिल्या घासाला जरा उग्र वाटतो आणि तिसऱ्या घासाला ती परत वाढा असं आपणच म्हणतो. दाजींनी तीनदा मागितली. शेणानं सारवलेल्या ओट्यावर ते मांडी घालून बसले होते आणि सोमवारपासून पहिल्यांदाच त्यांची पाठ सरळ होती. ताट सरळ होतं हेही कारण असेल.

सोमा म्हणाला, "वढू की. मान्सं बोलवतो. पाड्यावरची समदी हायती अजून. येत्या सोमवारी निम्मी जातील कामावर, मग नाय भेटनार."

"काय घेतील ते?" दाजींनी विचारलं.

सोमाला प्रश्नच कळला नाही. "जेवतील," तो म्हणाला. "ज्याचं काम, त्यानं जेवाया घालायचं."

माझ्या लहानपणी गावाकडे याला इर्जिक म्हणत. एकाच्या वावरात सगळे राबायचे आणि ज्याचं वावर त्यानं जेवण द्यायचं. आता तिकडे ट्रॅक्टर आहेत, आणि ट्रॅक्टर जेवत नाहीत.

शुक्रवार : ओढकाम

बावीस माणसं आली, आठ बाया धरून. दोन बैलजोड्या. दाजी प्रथम बाजूला उभे होते, पाहुण्यासारखे. मग कोणीतरी दोर चुकीच्या अँगलला बांधला आणि त्यांच्यातला फॅब्रिकेटर जागा झाला. "अरे तिथं नको! तिथं जोड आहे! खालून घे!" पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते गाळात उतरले. त्यांनी पिंपांखाली ओंडके सरकवायला लावले, तरफा लावल्या, चेनपुली झाडाला बांधली. दुपारपर्यंत त्यांचा आवाज बसला होता. "हां, दाजी सांगतील तसं!" असं सोमा ओरडला, कारण मी त्यांना दाजी म्हणत होतो, आणि मग सगळा पाडाच त्यांना दाजी म्हणू लागला. बावीस मेहुणे एकदम मिळालेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला.

तारिणी एकेक हात सरकत वर आली. वेल्डिंगचा एकही सांधा सुटला नाही. क्वालिटीच्या माणसानं हे नमूद करायलाच हवं.

स्वयंपाक मी केला, म्हणजे काशीबाईनं केला आणि मी पोती उघडली. दोघांना पंधरा दिवस पुरावा अशा हिशेबानं बांधलेला तांदूळ एका पंगतीत संपला. डाळ संपली. गूळ संपला. अननसाचे डबे उरले होते, तेही दाजींनी स्वतः फोडून वाढले. एका म्हाताऱ्यानं फोड तोंडात घातली, बराच वेळ चावली आणि विचारलं, "हे कशावरचं औषध हाय?"

बोट आता काठावर, जांभळीच्या झाडाखाली आहे. पुढच्या पावसाळ्यात पाणी चढेपर्यंत तिला हलवता यायचं नाही. गाळपेरीवर रानडुकरं येतात, म्हणून सोमानं तिथं राखणीला बसायची परवानगी मागितली. दाजींनी दिली. दाराच्या दोन्ही कड्या कशा लावायच्या, हेही दाखवलं. आम्ही शनिवारी निघालो तेव्हा जोत्याच्या चारी बाजूंनी हरभरा टाकून झाला होता.

गंगापूर रोड

गाडीत मी मनात वाक्यं जुळवत होतो. शौचालयावरून सुरुवात करावी, की थंडीवरून? एका वाक्यात मी शूर असायचो, पुढच्या वाक्यात माझ्या हातातला फोन वाजायचा.

ताईनं दार उघडलं. आमच्या अवताराकडे पाहिलं आणि आधी चपला बाहेर काढायला लावल्या. पाणी दिलं. मग समोर बसली आणि म्हणाली, "हं, सांग. उद्या माणूस येणार आहे. राहण्यासारखं आहे का?"

दाजी माझ्याकडे बघत होते. त्यांच्या नखांत अजून गाळ होता.

"नाही," मी म्हणालो. "सही करू नकोस, ताई."

इतकं लहान वाक्य निघेल असं मला वाटलं नव्हतं. 

"बोट गळली का?" दाजींनी विचारलं. आवाज बसलेलाच होता.

"नाही, दाजी. बोट उत्तम आहे."

"मग?"

"मग तुमच्यासाठी फोन उचलणारी माणसं तिथं कोण असणार? मी चुकलो त्या दिवशी. मी उचलायला हवा होता. पण इथं राहिलात तर पुढच्या वेळी उचलीन. तिथं रेंजच नाही."

दाजींनी ग्लास खाली ठेवला. मला वाटलं, आता त्या घराचं दार मला बंद झालं. ते उठले, माझ्या जवळ आले, खांद्यावर हात ठेवला, तो हात जरा जास्त वेळ ठेवला, आणि "गरम पाणी आहे का?" असं ताईला विचारून आंघोळीला गेले.

न्हाणीघरात पाण्याचा आवाज सुरू झाल्यावर माझा जीव भांड्यात पडला. सहा दिवसांचं ओझं उतरलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा दाजींना नाही म्हटलं होतं आणि ताईचं घर वाचवलं होतं. थोडं कौतुक व्हावं अशी अपेक्षा होती.

"तू हो म्हणाला असतास तरी मी सही करणार नव्हते," ताई रिकामे ग्लास उचलत म्हणाली.

"मग मला कशाला पाठवलंस?"

"अरे, ते एकटे गेले असते," ती म्हणाली आणि कणीक भिजवायला आत गेली.